जुन्या गाडीचा ओरिजिनल पार्ट: भाव कसा जोखायचा आणि माल शोधायचा कुठे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १९६६ ची एमजीबी रोडस्टर, ही उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार, कारखान्यातून निघाली तशी करायची आहे. रेव्ह काउंटर (इंजिनाचे फेरे दाखवणारा मीटर), डिस्ट्रिब्युटर (प्लगांना पाळीपाळीने ठिणगी वाटणारा भाग), पुढची जाळी आणि मागच्या दिव्यांचे क्रोमचे बेस हवे आहेत. रेव्ह काउंटरसाठी तीन विक्रेत्यांना विचारलंत, तिघांनीही माल ‘ओरिजिनल’ असल्याचं सांगितलं, आणि सर्वांत कमी व सर्वांत जास्त भावात चौपट फरक निघाला. मग योग्य भाव कोणता आणि असा माल शोधायचा कुठे?

तिघांपैकी कोणी फसवतंच आहे असं समजू नका. बहुधा तिघं तीन निरनिराळ्या वस्तू विकत आहेत आणि तिन्हींवर चिठ्ठी तेवढी एकच आहे. म्हणून भावाकडे वळण्याआधी समोरची वस्तू नेमकी कोणती आहे ते ठरवावं लागतं. जुन्या गाड्यांच्या कामात मी पैसे वाया जाताना भरपूर पाहिले आहेत. ते घासाघीस कमी पडली म्हणून क्वचितच जातात. चुकीची वस्तू रास्त भावात घेतली की जातात.

ओरिजिनल म्हणून विकल्या जाणाऱ्या मालाच्या ढोबळ प्रती सांगतो. सगळ्यात वर तो भाग, जो तुमच्याच गाडीवर कारखान्यात बसवला गेला होता. तो बाजारात नसतो. असलाच तर मागच्या मालकाच्या माळ्यावर असतो, म्हणून मागच्या मालकाला फोन करण्यापासून सुरुवात करा. त्याखालोखाल एनओएस, म्हणजे त्या काळी बनलेला आणि न वापरता खोक्यात पडून राहिलेला माल. मग कंपनीनेच पुढच्या वर्षांत सर्व्हिससाठी काढलेला सुधारित भाग. त्यावर नाव कंपनीचंच असतं, पण फिनिश किंवा शिक्का थोडा वेगळा असतो. त्यानंतर मूळ पुरवठादाराचा माल: लुकास, स्मिथ्स, गर्लिंग, बॉश, व्हीडीओ. गाडीच्या कंपनीनेही हाच माल घेऊन स्वतःच्या खोक्यात घातलेला असतो, त्यामुळे पुरवठादाराच्या खोक्यात तो स्वस्त मिळतो आणि वस्तूत अनेकदा काडीचाही फरक नसतो. एवढी एक गोष्ट कळली तरी खर्च बराच आटोक्यात येतो.

शेवटी नव्याने बनवलेला माल येतो. त्यातही दोन जाती आहेत: मूळ साच्यांवर किंवा परवान्याने केलेला, आणि नुसता नमुना बघून केलेला. पहिल्या जातीचं उत्तम उदाहरण तुमच्याच गाडीचं आहे. एमजीबीचं उत्पादन १९८० मध्ये थांबलं आणि १९८८ मध्ये ब्रिटिश मोटर हेरिटेजने मूळ साचे गोळा करून तिचे पूर्ण बॉडी शेल पुन्हा बनवायला सुरुवात केली. असा पत्रा आणि कुठल्याशा कारखान्यात अंदाजाने वाकवलेला पत्रा, दोघांनाही बाजारात ‘रिप्रो’ म्हणतात. मात्र दाराच्या फटी जुळवायला बसलात की दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक दिसतो.

आता नंबरांकडे. तुमची पहिली खरेदी कोणताही पार्ट नसावा, तर तुमच्या मॉडेलचा कंपनीचा पार्ट्स कॅटलॉग असावा. मूळ छापील असो वा पुनर्मुद्रित, दोन्ही चालतील. नंबर वाचता येणं ही या धंद्यातली अर्धी विद्या आहे. फोर्डचंच घ्या. ‘सी५झेडझेड’ने सुरू होणाऱ्या नंबरात ‘सी’ म्हणजे साठचं दशक, ‘५’ म्हणजे १९६५, पहिला ‘झेड’ मस्टँगचा आणि दुसरा सर्व्हिस पार्टचा. पण त्याच भागाच्या अंगावर ओतलेला किंवा ठोकलेला इंजिनिअरिंग नंबर वेगळा असतो. खोक्यावरचा नंबर भागावर सापडला नाही म्हणून अस्सल माल परत पाठवणारी माणसं आहेत, आणि खोक्याचा नंबर जुळला म्हणून आतला भलताच माल ठेवून घेणारीही आहेत.

पोर्शच्या नंबरातले पहिले तीन आकडे तो भाग मुळात कोणत्या मॉडेलसाठी आखला गेला ते सांगतात. सुरुवातीच्या ९११ चे कितीतरी भाग ९०१ ने सुरू होतात, कारण गाडीचं नाव आधी ९०१ होतं. मध्ये शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर प्यूजोने हक्क सांगितला आणि १९६४ मध्ये ते बदलावं लागलं. हे ठाऊक नसलेला विक्रेता ९०१ चा भाग ‘दुसऱ्या गाडीचा’ म्हणून कमी भावात देऊन टाकतो. मर्सिडीजमध्ये ११३ ने सुरू होणारा नंबर ‘पॅगोडा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एसएलचा, १९८ ने सुरू होणारा ३०० एसएलचा. शिवाय कंपन्या जुना नंबर रद्द करून त्याजागी नवा देतात, कधी कधी तीन-चार वेळा. ही साखळी दोन्ही टोकांनी लिहून ठेवा. ज्याच्या शेल्फवर माल पडून आहे त्याला बहुधा मधलाच एखादा नंबर माहीत असतो.

तारीख हा नंबराइतकाच महत्त्वाचा पुरावा आहे. जनरल मोटर्सच्या ब्लॉकवर ‘सी १४ ७’ अशी ओतकामाची तारीख दिसली तर तिसरा महिना, १४ तारीख आणि सातने संपणारं वर्ष, म्हणजे साठच्या दशकातल्या इंजिनाला मार्च १९६७. ब्लॉक गाडीच्या आधी ओतलेला असला पाहिजे, आणि तोही फार आधी नाही. काही आठवडे ते काही महिने हे अंतर स्वाभाविक आहे. गाडी एप्रिलची आणि ब्लॉक जूनचा असेल तर तो नंतर आलेला आहे, मग विक्रेता काहीही म्हणो. तारीख जुळणारा डिस्ट्रिब्युटर, कार्ब्युरेटर किंवा डायनामो तसाच पण तारीख न जुळणाऱ्या भागापेक्षा महाग असतो. ज्यांना स्पर्धेत गाडी परीक्षकांपुढे उभी करायची आहे त्यांनी ते पैसे द्यावेत. गाडी चालवायची असेल तर देऊ नयेत.

तुमच्या गाडीबद्दल एक सावधगिरी. ‘१९६६ ची’ एवढं सांगून भाग मागू नका. चासी नंबर आणि इंजिन नंबर सांगा. कारखान्यात बदल वर्षाच्या पहिल्या तारखेला होत नसत, अमुक चासी नंबरापासून होत. एमजीबीच्या दारांना सुरुवातीला ओढून उघडायच्या मुठी होत्या, १९६५ मध्ये बटणाच्या आल्या. क्रँकशाफ्टला आधी तीन बेअरिंग होती, १९६४ च्या अखेरीस पाच झाली. आणि १९६७ च्या अखेरीस मार्क टू, म्हणजे गाडीची दुसरी आवृत्ती, आली तेव्हा डायनामो जाऊन अल्टरनेटर आला आणि पॉझिटिव्ह अर्थ जाऊन निगेटिव्ह अर्थ आली. तुमची गाडी या शेवटच्या बदलाच्या आधीची आहे, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला. रेव्ह काउंटरच्या चौपट फरकाचं मूळ मला इथेच दिसतं.

त्या काळचा स्मिथ्सचा आरव्हीआय जातीचा रेव्ह काउंटर केबलवर चालत नाही. इग्निशन कॉइलकडे जाणारी वायर त्याच्या पाठीमागे वळसा घेऊन जाते, कॉइलचा करंट तुटला-जोडला की तो ठोका आतलं सर्किट मोजतं. हे सर्किट ध्रुव बघतं. निगेटिव्ह अर्थचा काउंटर तुमच्या गाडीत आहे तसा चालणार नाही, उलट्या जोडणीने आतला ट्रान्झिस्टरही जाऊ शकतो. म्हणून विक्रेत्याकडून दोन फोटो मागवा. एक डायलचा, अगदी खालच्या कडेपर्यंत स्पष्ट: तिथे बारीक अक्षरांत आरव्हीआय आणि पुढचा नंबर असतो, आणि अनेक डायलवर ‘पॉझिटिव्ह अर्थ’ की ‘निगेटिव्ह अर्थ’ हेही छापलेलं असतं. दुसरा फोटो पाठीचा: वायरचा वळसा आणि त्याला धरणारा ठोकळा जागेवर आहे का, डब्याची कडा कुणी पेचकसाने उचकटून पुन्हा दाबली आहे का. काचेच्या आत, सुईच्या बुडाशी पिवळट डाग असेल तर आत ओल शिरलेली आहे. हे फोटो द्यायला कां-कूं करणाऱ्याकडून मी माल घेत नाही, भाव कितीही कमी असो.

आता हिशेब. इथे मुद्दाम रुपये-डॉलर घेत नाही. सगळ्यात महाग सांगितलेला भाव १०० धरू. समजा, एनओएस काउंटर १००, वापरलेला पण नंबर बरोबर असलेला २५. वापरलेला घेतलात तर सर्किट दुरुस्त करून, कॅलिब्रेशन करून, डायल साफ करून घ्यायला समजा ३५ लागतील. एकूण ६० मध्ये वॉरंटीसकट चालणारा, बरोबर नंबराचा काउंटर हातात आला. आता एनओएसकडे बघा. तो वापरलेला नाही, पण आतले कपॅसिटर मात्र गाडीइतकेच जुने आहेत. तोही बसवण्याआधी उघडून तपासावाच लागेल, त्याचे १५ धरा. म्हणजे त्याची खरी किंमत ११५. ६० आणि ११५ मधला फरक तुम्ही कशासाठी देणार? न झिजलेला डायल, चकचकीत रिंग आणि खोकं. स्पर्धेतल्या गाडीसाठी हे कारण पुरेसं आहे. तुमच्या गाडीसाठी मी ७०-७५ च्या वर जाणार नाही. आकडे तुमच्या ठिकाणी वेगळे येतील, पण मांडणी हीच ठेवा: प्रत्येक पर्यायाची किंमत तो गाडीत बसून चालू होईपर्यंत मोजायची, विक्रेत्याच्या टेबलावर नव्हे.

यातला २५ चा आकडा कुठून आणायचा? मागितलेल्या किमतींवरून कधीच नाही. झालेल्या विक्रीवरून. लिलावांचे आणि विक्रीच्या संकेतस्थळांचे संपलेले व्यवहार बघा, क्लबातल्या लोकांना त्यांनी प्रत्यक्ष काय दिलं ते विचारा, आणि निदान तीन-चार व्यवहार मिळेपर्यंत मत बनवू नका. एकच वस्तू महिनोन्महिने त्याच भावात लटकलेली दिसली तर बाजाराने तो भाव नाकारला आहे. दोन हट्टी माणसं एकमेकांवर बोली लावत सुटली की एखादा लिलाव भलताच चढतो. तसा आकडा बाजूला ठेवा.

दुर्मीळ म्हणजे महाग, हे अर्धंच खरं आहे. कुणालाच नको असलेल्या सलूनचा मागचा काच-रबर अत्यंत दुर्मीळ असतो आणि कवडीमोलाने जातो. किंमत ठरते ती गाड्या किती वाचल्या, त्यांतल्या किती लोक दुरुस्त करत आहेत आणि नवीन नक्कल किती चांगली मिळते यावर. एमजीबी पाच लाखांहून अधिक बनल्या आणि तिचे बहुतेक भाग आजही नव्याने होतात, त्यामुळे तिच्या एनओएस मालाला मर्यादा आहे. उलट ३०० एसएल गलविंग फक्त १,४०० बनल्या, तिथे टूलकिटमधला एक पानाही मालकाला घाम फोडतो. फोक्सवॅगन बीटलमध्ये तर हे एकाच गाडीत दिसतं: मेक्सिकोत २००३ पर्यंत गाडी बनत होती म्हणून उशिराच्या गाड्यांचा माल मुबलक आणि स्वस्त, पण १९५३ पर्यंतच्या, मागची काच दुभागलेल्या बीटलचा एखादा छोटा दिवा सापडला तर त्यावर झुंबड उडते. जग्वार ई-टाइपच्या अगदी सुरुवातीच्या बॉनेटमध्ये हवेच्या झडपांचे पत्रे वेगळे करून वेल्ड केलेले असत, नंतर त्या झडपा बॉनेटच्याच पत्र्यात दाबून काढू लागले. लांबून बघणाऱ्याला दोन्ही बॉनेट सारखेच, भावात मात्र मोठं अंतर. जॅक, हातोडी, हँडबुक, रेडिओच्या जागेची झाकणपट्टी या हरवणाऱ्या वस्तूही अपेक्षेपेक्षा महागच पडतात. त्या दिसतील तेव्हा घेऊन ठेवा.

नवीन नक्कल बाजारात आली की काय होतं हेही समजून घ्या. मधल्या दर्जाच्या वापरलेल्या ओरिजिनल मालाचा भाव कोसळतो, कारण तो ठीकठाक करण्यापेक्षा नवं घेणं सोपं जातं. उत्कृष्ट एनओएसचा भाव मात्र फारसा हलत नाही. म्हणून कंपन्यांचे जुन्या गाड्यांचे विभाग काय पुन्हा बनवत आहेत यावर लक्ष ठेवणं फायद्याचं. मर्सिडीजचं क्लासिक सेंटर फेलबाखमध्ये १९९३ पासून आहे. निस्सानने २०१७ मध्ये आर३२ स्कायलाइन जीटी-आरचे भाग पुन्हा बनवायला घेतले. पोर्शने २०१८ मध्ये ९५९ च्या क्लचचा रिलीज लिव्हर धातूच्या थ्रीडी प्रिंटिंगने बनवल्याचं जाहीर केलं. अवघ्या काहीशे गाड्यांसाठी साचा करणं परवडलं नसतं. अशी घोषणा होण्याच्या आदल्या महिन्यात तोच भाग चढ्या भावात घेणारा ग्राहक मला दर वेळी भेटतो.

काही ठिकाणी एनओएसला नाहीच म्हणा. रबर गाडीत बसलेलं असो की खोक्यात, वय त्याला सोडत नाही. ब्रेकचे होज, सील, पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम, इंजिन माउंटिंग, टायर यांचा जुना माल भिंतीवर टांगायला ठीक. टायरवर २००० पासून आठवडा आणि वर्ष सांगणारे चार आकडे असतात. तीनच आकडे दिसले तर टायर त्याआधीचा, विषय संपला. ब्रेकचा जुना व्हील सिलिंडर मात्र घ्यावा, बोअर स्वच्छ असेल तर आतले रबर नवे टाकून तो नव्या नकलेपेक्षा चांगला चालतो. जुन्या पेट्रोल पंपाचंही तसंच, पण नवे डायफ्रॅम इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल सोसणारे आहेत ना ते विचारा. जुन्या ब्रेक शूंच्या आणि क्लच प्लेटच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. युरोपीय संघात २००५ पासून त्यावर पूर्ण बंदी आहे. खोकं कितीही देखणं असलं तरी तो माल घेऊ नका, आणि असलेला हवेच्या झोताने साफ तर मुळीच करू नका. सित्रोएन डीएसवाल्यांनी आणखी एक बघावं: आधीच्या गाड्यांच्या हायड्रॉलिक यंत्रणेत लाल द्रव होता, साठच्या दशकाच्या उत्तरार्धात हिरवा खनिज तेलाचा आला. एकाचा हायड्रॉलिक भाग दुसऱ्यात टाकलात तर सील फुगून सगळी यंत्रणा बसते. त्यामुळे तिथे स्वस्त एनओएस कोणत्या द्रवाचा आहे, हा पहिला प्रश्न.

उलटी बाजूही आहे. डिस्ट्रिब्युटरचा रोटर आर्म घ्या, अगदी क्षुल्लक वस्तू. नव्याने बनणाऱ्या हलक्या दर्जाच्या रोटरमध्ये पितळेची पट्टी धरणारा रिव्हेट खालच्या शाफ्टच्या फार जवळ येतो आणि इन्सुलेशनचा दर्जा यथातथाच असतो. गरम झालं की ठिणगी प्लगकडे जाण्याऐवजी शाफ्टमध्ये उतरते आणि गाडी भर रस्त्यात बंद पडते. थंड झाली की पुन्हा सुरू. माणसं कार्ब्युरेटर उघडून बसतात आणि दोष या एवढ्याशा तुकड्यात असतो. इथे जुना लुकासचा रोटर किंवा रिव्हेटशिवाय बनवलेला चांगला नवा रोटर दुप्पट-तिप्पट भावातही घ्यावा. कॉन्टॅक्ट पॉइंटचंही तेच.

डिस्ट्रिब्युटर पूर्ण घेताना हेच भान ठेवा. तुमच्या गाडीवर लुकासचा २५डी४ होता. हा अनेक ब्रिटिश चार सिलिंडर गाड्यांत बसतो, म्हणून नुसता ‘२५डी४’ सहज मिळतो. भाव असतो तो बॉडीवर ठोकलेल्या पुढच्या नंबराला, कारण ॲडव्हान्सचा आलेख, म्हणजे कोणत्या वेगाला ठिणगी किती लवकर पडते ते, त्या नंबराने ठरतो. व्हॅक्यूम युनिटवरही तीन आकडे असतात, उदाहरणार्थ ५-१३-१०: किती व्हॅक्यूमला हलायला लागतं, कितीला थांबतं आणि एकूण किती अंश फिरवतं. स्पर्धा मनात नसेल तर सामान्य नंबराची घट्ट शाफ्टची बॉडी घेऊन चांगल्या कारागिराकडून स्प्रिंग आणि व्हॅक्यूम युनिट तुमच्या इंजिनाचं करून घ्या. शाफ्ट बोटांनी आडवा हलवून बघितल्याशिवाय, किंवा विक्रेत्याकडून त्याचा व्हिडिओ मागितल्याशिवाय पैसे देऊ नका.

आणखी एक बचत. गिअरबॉक्स, डायनामो, चाकांचे हब यांतलं बहुतेक बेअरिंग प्रमाणित मापाचं असतं आणि त्याच्या कडेवर नंबर कोरलेला असतो. ६२०५ म्हणजे आतला व्यास २५, बाहेरचा ५२ आणि रुंदी १५ मिलिमीटर, गाडी कोणतीही असो. ब्रिटिश गाड्यांत इंचाच्या मापाची बेअरिंग असतात, त्यांनाही बेअरिंगवाल्यांच्या यादीत नंबर असतो. गाडीच्या कंपनीच्या खोक्यातलं चाळीस वर्षं सुकलेल्या ग्रीसचं बेअरिंग अनेक पट भावाने घेण्यात काही अर्थ नाही.

क्रोमबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण तुमचे दिव्यांचे बेस त्यात येतात. त्या काळचे दिव्यांचे बेस, दाराच्या मुठी, बॅज बहुतेक जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेले आहेत, त्याला मॅझॅक म्हणतात. चुंबक चिकटत नाही, हातात जड लागतं. क्रोमला सूक्ष्म छिद्र पडलं की खालचा जस्त फुगतो आणि पृष्ठभागावर देवीच्या व्रणांसारखे फोड येतात. लोखंडी बंपर घासून पुन्हा प्लेटिंग करता येतो. मॅझॅकवर प्रत्येक खड्डा कोरून, तांबं चढवून, भरून, पुन्हा घासावा लागतो. छोट्या भागाचं हे काम अनेकदा चांगल्या एनओएस जोडीइतकं महाग पडतं. म्हणून ‘रीक्रोम करून घ्या, मस्त होईल’ अशा शेऱ्यासह मिळणारा फोड आलेला स्वस्त बेस टाळा. फोड नसलेला, नुसतं तेज गेलेला बेस मात्र घ्या. तो पॉलिशने उठतो. तुमची उभ्या पट्ट्यांची जाळी १९६९ पर्यंतच्या गाड्यांवर होती, तिची नक्कल मिळते. मात्र जुन्या जाळीची बाहेरची चौकट शाबूत असेल तर ती फेकू नका. मधला भाग वेगळा बदलता येतो आणि जुनी चौकट बॉनेटच्या कडेला नकलेपेक्षा बरी बसते.

शोधायचं कुठे? तुमच्या गाडीच्या ब्रँडचा मालकांचा क्लब ही पहिली जागा. वर्गणी पहिल्याच खरेदीत वसूल होते, कारण क्लबाकडे बहुधा सुटे भाग सांभाळणारा एक माणूस असतो आणि कोणता नवा माल फसवा आहे हे त्याला पाठ असतं. दुसरी जागा मोठे बाजार: इंग्लंडमधल्या ब्यूलीचा ऑटोजम्बल १९६७ पासून सप्टेंबरमध्ये भरतो, पेनसिल्व्हेनियातल्या हर्शीचा ऑक्टोबरमध्ये, एसेनचं टेक्नो-क्लासिका जर्मन गाड्यांसाठी. तिथे जाताना व्हर्नियर, चुंबक, टॉर्च आणि स्वतःच्या जुन्या भागाचे मापांसह फोटो न्या. सकाळी दुर्मीळ वस्तू घ्या, शेवटच्या दिवशी जड वस्तू. विक्रेत्याला बंपर गाडीत भरून परत न्यायचे नसतात.

तिसरी जागा फार कमी जण बघतात: दुसऱ्या वाहनांचा माल. डायनामो, स्विच, दिवे, रेग्युलेटर लुकासने कारबरोबरच ट्रॅक्टरनाही पुरवले. तुमच्या इंजिनाच्या बी-सिरीज घराण्यातली इंजिनं सलूनमध्ये आणि व्हॅनमध्येही होती. लहान कंपन्यांच्या महागड्या गाड्यांत तर हे हमखास असतं. डी टोमासो पँटेराच्या पोटात फोर्डचं ३५१ क्लीव्हलँड इंजिन आहे, जेन्सन इंटरसेप्टरमध्ये क्रायस्लरचं व्ही८, ॲस्टन मार्टिन डीबी७ चे मागचे दिवे माझदा ३२३एफचे. भाग मूळ कोणाचा हे कळलं की त्याच नावाने शोधा, श्रीमंत गाडीचं नाव घेऊ नका. शोधताना नंबर सलग, मोकळी जागा सोडून आणि आडव्या रेघांसह असा तिन्ही प्रकारे टाका, आणि त्या भागाचं जर्मन, फ्रेंच, इटालियन नावही वापरा.

बरेच भाग लागणार असतील तर गंजून गेलेली एक अख्खी गाडी घेण्याचा विचार जरूर करा. स्क्रू, क्लिपा, कंस, वायरिंगची टोकं यांची यादी कोणत्याही दुकानात पूर्ण होत नाही, आणि उरलेल्या मालातून निम्मे पैसे परत येतात. फक्त कागदपत्रं स्वच्छ असू द्या. चासी प्लेट आणि नंबर ठोकलेले तुकडे विकत घेण्याच्या भानगडीत पडू नका, बऱ्याच देशांत तो गुन्हा आहे.

नकली मालाची खूण बहुधा खोक्याजवळ सुरू होते. जुनी रिकामी खोकी विकली जातात, आणि ती उगाच विकली जात नाहीत. पुठ्ठा जुना आणि चिकटपट्टी नवी, लेबलवरच्या काळाशी न जुळणारा बारकोड, भागावर कडक उठावाचे ताजे ठोकलेले आकडे, इंचाच्या आट्यांच्या जागी मेट्रिक आटे: यातली एक गोष्टही दिसली तर भाव नकलेचाच द्या. इंजिन ब्लॉकवर नंबर ठोकलेला सपाट भाग कारखान्यातल्या मशीनिंगच्या बारीक समांतर रेघा दाखवतो. तिथे सँडपेपरचा गुळगुळीतपणा असेल तर नंबर बदललेला आहे असं धरून चाला.

परदेशातून मागवताना सांगितलेल्या भावात पॅकिंग, भाडं, विमा, सीमाशुल्क आणि कर मिळवूनच तुलना करा. काच आणि लांब क्रोम पट्ट्यांचं भाडं वस्तूइतकं होतं. किंमत कमी दाखवायला विक्रेत्याला सांगू नका. पार्सल फुटलं तर विमाही तेवढाच मिळतो. ‘एक्स्चेंज’वर घेतलेल्या भागात जुना भाग परत करेपर्यंत ठेवलेली अनामत असते, ती भाड्यासकट हिशेबात धरा, आणि तुमचा मूळ भाग तारीख जुळणारा असेल तर तो देऊ नका, तोच दुरुस्त करून घ्या. पन्नास-साठच्या दशकापर्यंतच्या काही चमकत्या डायलवर रेडियमचा रंग असतो. असा मीटर घरी उघडायचा नाही आणि पाठवण्याआधी कुरिअरचे नियम विचारायचे.

तुमच्या यादीचा क्रम मी असा लावीन. आधी कॅटलॉग आणि क्लब. मग रेव्ह काउंटर वापरलेला, पॉझिटिव्ह अर्थचा, दुरुस्त करून. त्या कारागिराकडे रांग असते, म्हणून तो सर्वांत आधी पाठवा. डिस्ट्रिब्युटरसाठी आधी स्वतःच्या गाडीवर आज काय बसलं आहे त्याचा नंबर वाचा. दिव्यांचे बेस जोडीनेच घ्या, डावा-उजवा एकाच विक्रेत्याकडून, नाहीतर क्रोमची झाक जुळत नाही. जाळी शेवटी, बॉनेट आणि पुढचा पत्रा जागेवर बसल्यावर. तिन्ही विक्रेत्यांना आजच डायलचा आणि पाठीचा फोटो मागा. फोटो आले की आरव्हीआयपुढचे आकडे कॅटलॉगशी ताडून बघा आणि नंबर जुळणाऱ्या काउंटरसाठीच भावाची बोलणी सुरू करा.